दाढ काढली आणि पाणी नाकातून आलं : एका भोकाचा पावणेचारशे वर्षांचा इतिहास



वरची दाढ काढून घरी आल्यावर चूळ भरली आणि पाणी नाकातून आलं, तर कुणीही घाबरेल. काहींना बोलताना नाकात हवा शिरल्यासारखी वाटते. काहींच्या एका नाकपुडीतून चहाचा थेंब येतो. काही जण महिनोन्‌महिने काहीच बोलत नाहीत आणि एका बाजूच्या नाकातून घाण वासाचा पू येऊ लागल्यावरच दवाखाना गाठतात. सगळ्यांचा प्रश्न मात्र जवळपास एकच असतो : "डॉक्टर, भोक मेंदूपर्यंत गेलं नाही ना?"

उत्तर आधीच सांगून टाकतो. नाही गेलं. ते गेलं आहे गालाच्या हाडातल्या एका पोकळीत, म्हणजे सायनसमध्ये. तोंड आणि सायनस यांच्यामधल्या या वाटेला आम्ही ओरो-अँट्रल कम्युनिकेशन म्हणतो. ती तशीच राहिली आणि तिला आतून कातडीसारखं अस्तर आलं, की तिचा ओरो-अँट्रल फिस्चुला होतो. ही वाट शस्त्रक्रियेने बंद करता येते आणि बहुतेकांची नीट बंद होते.

मग इतिहास कशाला? कारण पेशंट विचारतात, "एवढंसं भोक आहे, दोन टाके घालून बंद का नाही करत? आधी सायनसचा स्कॅन कशाला? गालाचं मांस टाळूपर्यंत ओढायचं कशाला?" या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांच्या अनेक पिढ्यांनी धडपडत शोधलं आहे. ती धडपड समजली, की आपल्या सर्जनने सांगितलेल्या गोष्टी जाचक वाटत नाहीत.

दातांच्या वरची रिकामी खोली

आपल्या दोन्ही गालांच्या हाडात, डोळ्याच्या खाली आणि वरच्या दाढांच्या वर, एकेक पोकळी असते. तिला मॅक्सिलरी सायनस म्हणतात. मोठ्या माणसात तिच्यात साधारण १५ मिलिलिटर, म्हणजे पोह्याचे तीन लहान चमचे पाणी मावेल. या खोलीची जमीन म्हणजे वरच्या दाढांच्या मुळांवरचं हाड. काहींमध्ये हे हाड चांगलं जाड असतं, तर काहींमध्ये कागदासारखं पातळ. दाढेची मुळं कधी या जमिनीला टेकलेली असतात, कधी तिच्यात घुसलेलीच असतात. अशी दाढ काढली की मुळाबरोबर हाडाचा टवका निघतो आणि खालच्या खोलीचं छत म्हणजेच वरच्या खोलीची जमीन फुटते. डॉक्टरने कितीही काळजी घेतली तरी काही जबड्यांत हे होतंच, कारण रचनाच तशी असते.

लिओनार्दो दा विंचीने १४८९ साली कवटी मधोमध कापून ही पोकळी सुंदर रेखाटली होती. पण त्याची चित्रं वह्यांतच राहिली, त्यामुळे वैद्यांना त्यांचा उपयोग झाला नाही. पोकळीला नाव मिळालं ते इंग्लंडच्या डॉक्टर नॅथॅनिएल हायमोर यांचं. १६५१ साली त्यांनी शरीररचनेवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला आणि त्यात या पोकळीचं वर्णन केलं. आजही जुने डॉक्टर तिला 'अँट्रम ऑफ हायमोर' म्हणतात.

त्याच ग्रंथात त्यांनी एका बाईची हकीकत दिली आहे. तिचा डावीकडचा वरचा सुळा काढला होता आणि त्या जागेतून सतत पाणी झिरपत होतं. आत आहे तरी काय, हे बघायला तिने चांदीची एक सळई त्या खळग्यात घातली. सळई वर वर जातच राहिली. मग तिने पक्ष्याच्या पिसाचे तंतू काढून त्याचा दांडा आत सारला. तोही आत गेला. आता मात्र बाईला घाम फुटला, कारण एवढं लांब गेलं म्हणजे मेंदूतच गेलं असणार! हायमोर यांनी तिला समजावलं, की ही पोकळी प्रत्येक माणसाला असते. पिसाचा लवचीक दांडा तिच्यात वळून-वळून बसला असणार.

साडेतीनशेहून जास्त वर्षं झाली, तरी बाईची भीती आणि आजच्या पेशंटची भीती अगदी एकच आहे. तिची एक गोष्ट मात्र आपण करायची नाही, ती म्हणजे काडी घालून बघणं. टूथपिक, उदबत्तीची काडी, जीभ, बोट, यातलं काहीही त्या खळग्यात घालू नका. बरं होऊ पाहणारी रक्ताची गुठळी निघते आणि लहान भोक मोठं होतं.

डॉक्टर स्वतःच भोक पाडत

तुम्हाला वाटेल, पोकळी कळली म्हणजे भोक बुजवायची शस्त्रक्रियाही लगेच आली असेल. झालं उलटंच. पुढची दोनशे वर्षं डॉक्टर हे भोक मुद्दाम पाडत होते.

त्यामागचं कारण समजून घ्या. त्या काळी अँटिबायोटिक नव्हतं, एक्स-रे नव्हता, भूल नव्हती. सायनसमध्ये पू साठला की गाल ठणकायचा, डोळ्याखाली सूज यायची, माणूस तळमळायचा. पू बाहेर काढायला सगळ्यात जवळचा मार्ग कोणता, तर खालचा. लंडनचे सर्जन विल्यम काउपर यांची पद्धत जेम्स ड्रेक यांच्या १७०७ सालच्या ग्रंथात छापली गेली. वरची दाढ काढायची, तिच्या खळग्यातून टोकदार हत्यार वर घालून सायनसची जमीन फोडायची, पू खाली वाहू द्यायचा आणि त्याच वाटेने पिचकारीने सायनस धुवायचा.

पेशंटला लगेच आराम पडायचा, म्हणून ही पद्धत टिकली. पण पू वाहून जावा म्हणून वाट उघडी ठेवावी लागे. वाट उघडी ठेवली की जेवणाचे कण, लाळ आणि तोंडातले जंतू वर जात. ते वर गेले की पुन्हा पू होई, आणि पू होतोय म्हणून वाट बंद करता येत नसे. मग त्या भोकात नळी किंवा बूच बसवायचं, जेवताना ते लावायचं आणि धुताना काढायचं. एका दाढेच्या दुखण्यापायी काही माणसांनी वर्षानुवर्षं हे सोसलं.

या दुष्टचक्रातच आपल्या विषयाचा पहिला नियम लपलेला आहे. भोक उघडं राहतं ते लहान-मोठं असल्यामुळेच नव्हे. वर पू आहे तोवर खालचं भोक भरून येत नाही. टाके घातले तरी दाबाखालचा पू कडेने वाट काढतो आणि आठ-दहा दिवसांत टाके सुटतात. तुमचे सर्जन आधी सायनसचा स्कॅन करायला सांगतात, सलाइनने धुवायला बोलावतात, औषधांचा कोर्स देतात, ते याचसाठी. ती चालढकल नसते.

बुजवता येत नसेल, तर झाका

काही भोकं इतकी मोठी असतात की ती शिवून बंद होणं कठीण असतं. सोळाव्या शतकात युरोपात उपदंशाने म्हणजे सिफिलिसने अनेकांच्या टाळूला भोकं पडली. अशा माणसाला गिळता येत नाही, कारण घास नाकात जातो. बोलणंही कळत नाही, कारण हवा वर निसटते. फ्रान्सचे प्रसिद्ध सर्जन आम्ब्रोज पारे यांनी यावर सोन्या-चांदीची पातळ तबकडी सुचवली. तिच्या पाठीला स्पंजाचा तुकडा असे. तो भोकातून वर सारला की ओलाव्याने फुगायचा आणि तबकडी जागेवर धरून ठेवायचा. या साधनाला ऑब्ट्युरेटर हे नाव पडलं. ओल्या स्पंजाला किती घाण वास येत असेल, याची कल्पना करा. पुढे १७२८ साली पियेर फोशार यांनी दंतवैद्यकावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी स्पंजाऐवजी उघडझाप करणारे धातूचे पंख लावलेले ऑब्ट्युरेटर दाखवले.

या साधनाने एका राष्ट्राध्यक्षाची लाज राखली, ती गोष्ट सांगायलाच हवी. १८९३ साली अमेरिकेचे अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या टाळूवर डाव्या बाजूला गाठ आढळली. देश आर्थिक संकटात होता. अध्यक्षांना कॅन्सर आहे ही बातमी फुटली तर बाजार कोसळेल, अशी भीती होती. म्हणून १ जुलैला 'ओनायडा' नावाच्या खाजगी नौकेवर, चालत्या जहाजात, गुपचूप शस्त्रक्रिया झाली. डॉ. जोसेफ ब्रायंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वरच्या जबड्याचा डावा भाग तोंडातूनच काढला. चेहऱ्यावर एकही काप नव्हता आणि मिशीलाही धक्का लागला नाही. पण तोंड आणि सायनस यांच्यामध्ये मोठं भगदाड राहिलं आणि अध्यक्षांचं बोलणं कुणाला कळेना.

तेव्हा न्यूयॉर्कचे दंतवैद्य कॅसन गिब्सन यांनी कडक रबराचा ऑब्ट्युरेटर बनवून दिला. तो बसवला की आवाज पूर्वीसारखा येई. ऑगस्टअखेर एका पत्रकाराने बातमी छापली, पण अध्यक्ष तर व्यवस्थित बोलत होते! लोकांनी पत्रकारालाच खोटं ठरवलं. शस्त्रक्रियेत सहभागी असलेले डॉ. विल्यम कीन यांनी १९१७ साली सगळं जाहीर केलं. तोवर क्लीव्हलँड यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. शस्त्रक्रियेनंतर ते पंधरा वर्षं जगले.

पू खाली नको, नाकात काढा

क्लीव्हलँड यांची शस्त्रक्रिया झाली त्याच १८९३ साली, न्यूयॉर्कच्याच जॉर्ज कॉल्डवेल यांनी सायनसच्या शस्त्रक्रियेची वेगळी पद्धत मांडली. पाठोपाठ १८९४ साली लंडनच्या स्कॅन्स स्पायसर यांनी आणि १८९७ साली पॅरिसच्या आंरी ल्यूक यांनी जवळपास तीच पद्धत स्वतंत्रपणे मांडली. पुढे ती कॉल्डवेल-ल्यूक या नावाने जगभर प्रसिद्ध झाली.

पद्धत अशी. दाढेच्या खळग्यातून वर जायचं नाही. ओठ वर उचलून, सुळ्याच्या वरच्या हाडात खिडकी करायची. तिथून सायनसच्या आत बघून सडका भाग काढायचा. मग सायनस आणि नाक यांच्यामधल्या भिंतीत दुसरी खिडकी पाडायची आणि तोंडातली जखम शिवून टाकायची. पू आणि पाणी आता नाकात उतरतं, तोंडात नाही.

आपल्या विषयासाठी हा बदल फार मोठा होता. वरच्या खोलीला नाकाच्या बाजूने मोरी मिळाली, म्हणून खालचं भोक बंद करणं प्रथमच शहाणपणाचं ठरलं. त्याआधी ते बंद करणं म्हणजे तुंबलेल्या मोरीवर सिमेंट थापण्यासारखं होतं. १८८४ सालापासून कोकेनने आणि १९०५ च्या सुमारास प्रोकेनने जागा बधिर करता येऊ लागली. १८९५ साली एक्स-रे आला. आता सर्जनला घाईशिवाय, नीट बघून काम करता येऊ लागलं.

ठिगळ स्वतःचं रक्त घेऊन आलं पाहिजे

सायनस स्वच्छ झाला. आता भोक झाकायचं कशाने? हिरडीच्या दोन कडा ओढून शिवल्या तर त्या ताणाने फाटतात. खाली हाड नसतं, म्हणून आधारही नसतो. बाहेरून कातडीचा सुटा तुकडा आणून चिकटवला तर रक्त न मिळाल्याने तो मरतो, कारण खाली पोकळीच आहे, रक्त देणार कोण?

याचं उत्तर ज्या तत्त्वात आहे, त्याचा आपल्या पुण्याशी संबंध आहे. इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक मराठी गाडीवान होता. १७९२ सालच्या युद्धात तो टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापण्यात आलं. पुढे पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं. लंडनच्या मासिकाने या कारागिराची जात वीटभट्टीवाल्यांची म्हणून नोंदवली, त्याचं नाव मात्र छापलं नाही. कातडी वळवताना तिचा देठ त्याने कापला नाही. देठातून रक्त येत राहिलं, म्हणून कातडी जगली. १७९४ च्या ऑक्टोबरात ही हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. युरोपातल्या प्लास्टिक सर्जरीला यातून नवी चालना मिळाली. पानाचा देठ झाडाला ठेवून पान वळवायचं, असं हे तत्त्व आहे. आम्ही अशा वळवलेल्या भागाला फ्लॅप म्हणतो.

तोंडाच्या आत हे तत्त्व नीट वापरलं ते बर्लिनच्या बर्नहार्ट फॉन लांगेनबेक यांनी. १८६१ साली त्यांनी दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया करताना नुसती त्वचा न उचलता, हाडावरचं चिवट आवरणही तिच्यासोबत उचललं. त्यामुळे फ्लॅप जाड राहिला, त्याच्या रक्तवाहिन्या शाबूत राहिल्या आणि टाके टिकले.

दाढेजवळच्या भोकासाठी आज जगभर वापरल्या जाणाऱ्या तीन पद्धती याच विचारातून आल्या.

पहिली, गालाकडचा फ्लॅप. जर्मनीच्या रेरमान यांनी ती १९३६ साली प्रसिद्ध केली. भोकाच्या गालाकडच्या बाजूने रुंद बुडाचा फ्लॅप उचलतात. पण त्याच्या आतल्या बाजूचं आवरण ताणलं जात नाही. रेरमान यांनी त्या आवरणाला आतून फक्त एक आडवा छेद दिला. लगेच फ्लॅप सैल पडतो आणि ताणाशिवाय टाळूपर्यंत पोहोचतो. एवढ्याशा युक्तीने शस्त्रक्रिया सोपी झाली. लंडनच्या किली आणि के या सर्जनांनी १९६७ साली अशा २५० पेशंटचा अनुभव प्रसिद्ध केला. तोटा एकच : ओठ-गाल आणि हिरडी यांच्यामधली खाच उथळ होते आणि पुढे कवळी बसवताना अडचण येऊ शकते.

दुसरी, टाळूचा फ्लॅप. १९३९ साली अमेरिकेत अ‍ॅशले यांनी तिचं वर्णन केलं. टाळूची जाड त्वचा, आवरण आणि टाळूची मुख्य धमनी यांच्यासह एक लांबट पट्टी उचलून भोकावर वळवायची. ही पट्टी चिवट असते आणि तिला रक्त भरपूर मिळतं. पट्टी उचललेल्या जागी टाळू काही आठवडे उघडा राहतो, जेवताना झोंबतो आणि मग आपोआप भरतो. "डॉक्टर, नवीन जखम कशाला केली?" असं विचारणाऱ्यांसाठी हे उत्तर.

तिसरी, गालातल्या चरबीची. गालाच्या आत, मागच्या बाजूला, चरबीची एक मऊ गादी असते. १७३२ साली जर्मन सर्जन लोरेन्झ हाइस्टर यांना ती ग्रंथी वाटली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या बिशा यांनी ती चरबी असल्याचं ओळखलं. त्यानंतर कितीतरी वर्षं सर्जनना ती कटकटच वाटे, कारण जबड्याची शस्त्रक्रिया करताना ती मध्येच बाहेर डोकावते. १९७७ साली हॉलंडचे पीटर एगेडी यांनी दाखवलं, की हीच चरबी देठासकट हळूच ओढून भोकावर पसरवता येते. १९८६ साली टिडेमान आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की तिच्यावर वेगळी कातडी लावायचीही गरज नाही. काही आठवड्यांत तिच्यावर तोंडाची त्वचा आपोआप चढते. मागच्या दाढांजवळच्या मोठ्या भोकांसाठी ही पद्धत आज फार उपयोगी आहे. सुरुवातीला ती जागा पिवळट दिसते. तो पू नव्हे, घाबरू नका.

मधल्या काळात सोन्याचा पत्रा, टँटलम धातूचा पत्रा असेही प्रयोग झाले. पत्रा हा काही दिवसांचा मांडव असायचा. त्याच्याखाली मांस भरून आलं की तो काढून टाकायचा. पण शरीराचं स्वतःचं, रक्त वाहतं ठेवणारं मांस जवळच उपलब्ध असताना धातू मागे पडला.

शरीराची स्वतःची मोरी

कॉल्डवेल-ल्यूक पद्धतीत एक चूक राहून गेली होती. ती उमगायला आणखी सत्तर-ऐंशी वर्षं लागली.

सायनसच्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारी बारीक लव असते. ती सतत हलते आणि चिकट पाणी एका ठरावीक दिशेने ढकलते. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी वर्षानुवर्षं हा प्रवाह पाहिला. ही लव सगळा केर सायनसच्या नैसर्गिक दाराकडेच नेते आणि हे दार वरच्या बाजूला, नाकात उघडतं. तुम्ही खाली नवी खिडकी पाडा, तरी केर तिला वळसा घालून जुन्या दाराकडेच जातो. म्हणजे खाली मोरी पाडण्यापेक्षा तुंबलेलं मूळ दार मोकळं करणं महत्त्वाचं. १९७८ साली त्यांचं नाकाच्या एंडोस्कोपीवरचं पुस्तक इंग्रजीत आलं. १९८५ च्या सुमारास अमेरिकेचे डेव्हिड केनेडी आणि ग्राझचेच हाइन्झ स्टामबर्गर यांनी ही दुर्बिणीची शस्त्रक्रिया जगभर पोहोचवली.

म्हणून आज जुन्या फिस्चुलात कधी कधी दोन डॉक्टर लागतात. कान-नाक-घसा तज्ज्ञ नाकातून दुर्बिणीने सायनसचं दार मोकळं करतात आणि ओरल सर्जन खालून फ्लॅप लावतात. हे एकाच भुलेत होऊ शकतं. सगळ्यांना याची गरज नसते. ज्यांचा सायनस बराच काळ तुंबलेला आहे, त्यांना असते.

२०२१ आणि जुन्या तबकडीचं पुनरागमन

ऑब्ट्युरेटर ही संग्रहालयातली वस्तू झाली, असं कुणाला वाटत असेल तर २०२१ चा उन्हाळा आठवा. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने, म्हणजे लोक ज्याला काळी बुरशी म्हणत होते तिने, आपल्या महाराष्ट्रात अनेकांचा वरचा जबडा खाल्ला. मे महिन्यात केंद्राने राज्यांना या आजाराची नोंद सक्तीची करायला सांगितलं. जीव वाचवण्यासाठी सडलेलं हाड काढावंच लागलं आणि तोंड व सायनस यांच्यामध्ये मोठी भगदाडं राहिली. बुरशी पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत त्यावर फ्लॅप लावणं धोक्याचं होतं. पहिला नियम तोच : वर स्वच्छ असल्याशिवाय खाली बंद करायचं नाही.

त्या पेशंटना जेवता-बोलता आलं ते अ‍ॅक्रिलिकच्या प्लेटमुळे. पारे यांच्या स्पंजाची जागा आता हलक्या पोकळ गोळ्याने घेतली आहे, पण कल्पना तीच आहे. तुमच्या घरात कुणी अशी प्लेट वापरत असेल तर ती रोज काढून धुवा, रात्री काढून ठेवायची का हे आपल्या डॉक्टरांना विचारा आणि प्लेट सैल झाली तर ती स्वतः घासू नका. जबड्याचा आकार बदलतो, प्लेट पुन्हा जुळवावी लागते. यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. एका राष्ट्राध्यक्षाने ती लावून राज्य चालवलं आहे.

तुमच्यासाठी यातून काय?

* वरची दाढ काढल्यावर पाणी किंवा हवा नाकात जातेय असं वाटलं, तर त्याच दिवशी डेंटिस्टना कळवा. एक-दोन मिलिमीटरचं भोक रक्ताची गुठळी टिकली तर बहुधा आपोआप भरतं. पाच मिलिमीटरपेक्षा मोठं असेल तर बहुधा शिवावं लागतं. पहिल्या एक-दोन दिवसांत, सायनस निरोगी असतानाच बंद केलं तर काम सोपं होतं. महिने गेले की आधी सायनसचा इलाज, मग शस्त्रक्रिया, असा लांबचा रस्ता.

* "फुंकून बघतो हवा जाते का" असा प्रयोग घरी करू नका. ती तपासणी डॉक्टरांनाच करू द्या. जोराने फुंकल्याने पातळ पडदा फाटतो.

* शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन आठवडे नाक शिंकरू नका. शिंक आलीच तर तोंड उघडून शिंका, नाक दाबू नका. स्ट्रॉने पिऊ नका, जोरात चूळ भरू नका, फुगे-शंख फुंकू नका. सायनसमधला दाब वाढला की टाक्यांवर ताण येतो आणि ताण आला की फ्लॅप सुटतो. एवढंच त्यामागचं कारण आहे.

* विडी-सिगारेट, तंबाखू, गुटखा, मिश्री बंद. फ्लॅप जगतो तो बारीक रक्तवाहिन्यांवर आणि तंबाखू नेमक्या त्याच आकसवते. धूर ओढताना तोंडात जी पोकळी होते तीही टाक्यांना ओढते.

* मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणा. साखर वाढलेली असेल तर जखम भरत नाही.

* आधी एकदा शस्त्रक्रिया करून भोक पुन्हा उघडलं असेल तर निराश होऊ नका. बहुतेक वेळा वरच्या सायनसमध्ये काहीतरी राहिलेलं असतं, पू, दाढेच्या मुळाचा तुकडा किंवा बुरशी. स्कॅन करून ते शोधायचं, काढायचं आणि मग वेगळा फ्लॅप वापरायचा. गालाचा वापरून झाला असेल तर टाळूचा किंवा चरबीचा उरतोच.

* एकाच बाजूच्या नाकातून घाण वासाचा पू येत असेल, तर नुसत्या सर्दीच्या गोळ्या घेत राहू नका. वरच्या दाढा एकदा तपासून घ्या. आणि दाढ काढलेली नसताना टाळूला भोक पडलं, हिरडीजवळ न भरणारी जखम झाली किंवा वरचे दात आपोआप हलू लागले, तर अजिबात थांबू नका. कॅन्सर किंवा बुरशी नाही ना, हे आधी बघावं लागतं.

पुढच्या वेळी तुमचे सर्जन म्हणाले, "आधी सायनस स्वच्छ करू, मग बंद करू", तर त्यामागे पावणेचारशे वर्षांचा अनुभव आहे असं समजा आणि तेवढे दिवस धीर धरा. मनात शंका असेल तर स्कॅनची फिल्म घेऊन आपल्या डॉक्टरांसमोर बसा आणि "माझ्यासाठी कोणता फ्लॅप आणि का?" असं मोकळेपणाने विचारा. हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.